घाण्यामागून घाणा थांबवणारे अर्नेस्ट सोल्वे

आइन्स्टाईन, मेरी क्युरी, बोर, श्रॉडिंजर आणि बाकीचे मिळून २९ जण. १९२७ च्या सोल्वे परिषदेचा हा फोटो सोशल मीडियावर सतत फिरतो. ज्यांच्या नावाची ही परिषद, ते अर्नेस्ट सोल्वे मात्र त्यात नाहीत. १९२२ मध्येच ते वारले होते. त्यांनी पैसा कमावला तो सोड्यावर. हातखंब्याच्या किराणा दुकानात पुडीत मिळतो, तोच धुण्याचा सोडा.

१८३८ मध्ये बेल्जियममधल्या रेबेक गावात त्यांचा जन्म झाला. आजारपणामुळे कॉलेज हुकलं आणि २१ व्या वर्षी ते नातेवाइकाच्या गॅस कारखान्यात कामाला लागले.

तेव्हा सोडा बनायचा तो चकल्या तळतात तसा, घाण्यामागून घाणा. भट्टी भरायची, तापवायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. त्यातून निघणाऱ्या ॲसिडच्या वाफांनी आसपासची पिकं जळायची.

मिठाचं पाणी, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांतून सोडा मिळतो, हे सोल्वेंना दिसलं. १८६१ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. मग कळलं, की ही अभिक्रिया जुनीच आहे. महागडा अमोनिया वाया जातो म्हणून आधीचे सगळे हरले होते.

तरीही भाऊ आल्फ्रेडसोबत त्यांनी १८६३ मध्ये कंपनी काढली. यंत्रं बंद पडत राहिली, घरच्यांचा पैसा बुडायची वेळ आली.

तोडगा निघाला उंच मनोऱ्यातून. वरून अमोनिया मिसळलेलं मिठाचं पाणी उतरतं, खालून कार्बन डायऑक्साइड चढतो आणि तळातून खायच्या सोड्याचे कण बाहेर पडतात. ते तापवले की धुण्याचा सोडा तयार. उरलेल्या पाण्यातून चुन्याच्या मदतीने अमोनिया सोडवून पुन्हा वापरायचा. पाटाच्या पाण्यासारखं काम, थांबणं नाही.

सोडा स्वस्त झाला, जुन्या भट्ट्या हळूहळू विझल्या. गुजरातमधल्या मिठापूरला आजही याच पद्धतीने सोडा बनतो. सोल्वेंनी कमाईतला मोठा वाटा विज्ञानाला दिला. १९११ ची पहिली परिषद त्यातूनच झाली.

हातखंब्याहून महामार्गाने चिपळूणपुढे गेलं, की लोटे परशुरामची रासायनिक वसाहत लागते. औषधं आणि रंगांची कित्येक रसायनं जगभर अजून बॅचनेच बनतात. आता ती बारीक नळ्यांतून वाहती करण्याचे, एन्झाइम मण्यांवर बसवून त्यावरून द्रावण सोडण्याचे प्रयोग चालतात. अभिक्रिया माहीत असणं पुरत नाही, ती न थांबता चालवावी लागते. सोल्वेंचं आयुष्य गेलं ते याच कामात.