अमरावतीच्या कापसावर मुंबईत शेअर्सचा फुगा फुगला, अन त्यात कापसाचा राजाच बुडाला

मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर तुम्ही बघितला असेल. प्रत्यक्ष नाही तर सिनेमात, नाहीतर कुणाच्या तरी रीलमध्ये. २८० फूट उंचीचा हा टॉवर एका माणसाने दिलेल्या पैशातून उभा राहिला. त्याने टॉवरला आपल्या आईचं नाव दिलं.

पण गंमत बघा. पैसे देताना हा माणूस मुंबईतला सगळ्यात वजनदार दलाल होता. टॉवरच्या पायाचा दगड बसला तेव्हा त्याचं दिवाळं निघालेलं होतं.

त्या माणसाचं नाव प्रेमचंद रायचंद. त्यांना श्रीमंत करणारा कापूस बैलगाड्यांवर लादून येत होता तो गुजरातमधून, खानदेशातून आणि आपल्या वऱ्हाडातून. अमरावती, अकोला, खामगाव या पट्ट्यातला कापूस, अमेरिकेतलं युद्ध आणि मुंबईतले शेअर्स असं हे त्रांगडं आहे. आजही एखादा नवा आयपीओ, नवं कॉइन किंवा नवी स्कीम लोक डोळे झाकून घेतात, तेव्हा ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट माहीत असलेली बरी.

सुरतेचा पोरगा मुंबईत आला

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ चा, सुरतेतल्या एका जैन व्यापारी कुटुंबातला. वडील रायचंद दीपचंद धंद्यासाठी मुंबईला आले. पोरगा एल्फिन्स्टनमध्ये शिकला. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा पहिला भारतीय दलाल अशी त्यांची ओळख सांगितली जाते.

आज त्यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा मुंबईच्या बँका आणि मोठ्या पेढ्या इंग्रजांच्या हातात होत्या, आणि बाजार गुजराती, मारवाडी, पारशी, भाटिया व्यापाऱ्यांच्या हातात. या दोन्हीकडे उठबस असलेला माणूस म्हणजे सोन्याची अंडी देणारी कोंबडीच.

त्यात त्यांची स्मरणशक्ती जबर. दिवसभराचे सौदे कागदावर न लिहिता डोक्यात ठेवायचे असं सांगतात. वयाच्या तिशीत ते शेअर, सोनं-चांदी आणि कापूस या तिन्ही बाजारांत मोठं नाव झाले होते.

तिकडे अमेरिकेत तोफ वाजली

एप्रिल १८६१. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं.

आता याचा आपल्याशी काय संबंध? तर तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या चालायच्या त्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर. त्यांच्या कापसातला पाचातला चार हिस्सा तिकडूनच यायचा. युद्ध लागलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि कापूस यायचा थांबला.

मग गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

वऱ्हाडचा कापूस इंग्रजांना आधीपासून माहीत होता. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेताना त्यांच्या डोळ्यासमोर ही काळी जमीन होतीच. अमरावतीला तेव्हा उमरावती म्हणायचे, त्यावरून लिव्हरपूलच्या बाजारात या भागातल्या कापसाला ऊमरा असं नाव पडलं होतं. म्हणजे अमरावतीचं नाव इंग्लंडमध्ये कापसाची जात म्हणून घेतलं जायचं.

पण अमेरिकन कापसापुढे आपला कापूस आखूड धाग्याचा, कचरा जास्त असलेला. गिरणीवाले एरवी नाक मुरडायचे. युद्धामुळे मात्र निवड करायची सोयच राहिली नाही. भाव तिप्पट-चौपट झाले. मुंबईत लोकांनी गाद्या-उशा फाडून त्यातला कापूस विकला असे किस्से सांगितले जातात. कापसात भेसळ इतकी वाढली की १८६३ साली मुंबई सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला.

बातमी आधी कुणाला कळते, यावर सगळा खेळ

भाव ठरायचा लिव्हरपूलला. तो कळायचा टपाल घेऊन येणाऱ्या आगबोटीने. म्हणजे मुंबईचा सगळा बाजार बंदराकडे डोळे लावून बसलेला.

प्रेमचंद यांनी काय केलं? बोट धक्क्याला लागायची वाट न बघता त्यांनी आपली माणसं छोट्या होड्यांतून समुद्रात पाठवायला सुरुवात केली. लिव्हरपूलचा भाव इतरांच्या काही तास आधी त्यांच्या हातात पडायचा. तेवढ्या वेळात आतल्या मुलखात जाऊन कापूस उचलायला त्यांचे लोक तयार असायचे, असं सांगतात.

आता या साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं ते बघा. अमरावतीचा शेतकरी. तेजी सुरू झाली तेव्हा रेल्वे वऱ्हाडात पोचलेली नव्हती. कापूस बैलगाडीने आणि बैलांच्या तांड्यांनी जायचा. लिव्हरपूलची बातमी आधी प्रेमचंद यांच्या होडीला, मग मुंबईच्या बाजाराला, मग पेढीला, मग अडत्याला आणि सगळ्यात शेवटी शेतकऱ्याला.

तरीही त्या तीन-चार वर्षांत शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हे तो पैसा आला. चांदीचे फाळ आणि बैलगाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवल्याच्या गोष्टी याच काळातल्या. ज्वारीच्या रानात कापूस दिसू लागला.

पैसा आला, पण ठेवायचा कुठे?

या युद्धाच्या काळात मुंबईत नेहमीपेक्षा ७ कोटी पौंडांहून अधिक पैसा जास्तीचा आला असा अंदाज आहे. इतक्या पैशाला पुरतील एवढे धंदे मुंबईत नव्हते. मग लोकांनी धंदे कागदावर काढायला सुरुवात केली.

जानेवारी १८६५ पर्यंत मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्स कंपन्या, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या झाल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यातल्या बहुतेकांचा पत्ताही नव्हता.

यातल्या कितींनी प्रत्यक्षात काही काम केलं होतं? फार थोड्यांनी. त्यांच्याकडे मागचा हिशोब नव्हता, नफा नव्हता, अनुभव नव्हता. होतं ते फक्त पुढे काय होणार याचं चित्र.

त्यात सगळ्यात गाजलेली कंपनी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन. मलबार हिल ते कुलाबा या भागातला समुद्र भरून जमीन काढायची आणि ती विकायची. कल्पना खोटी नव्हती. मुंबईला जमीन हवीच होती आणि पुढे त्याच समुद्रावर भराव पडलासुद्धा. पण ५ हजार रुपयांचा शेअर ५० हजारांच्या पुढे गेला तेव्हा तिथे अजून लाटाच होत्या.

या कंपनीच्या मागे प्रेमचंद होते. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनच्या मागेही तेच. नव्या कंपनीचे शेअर कुणाला मिळणार हे त्यांच्या शब्दावर ठरायचं, म्हणून त्यांच्या बंगल्यावर सकाळपासून गर्दी असायची. शेअर हातात पडायच्या आधीच त्यावर प्रीमियम चढलेला असायचा. आजच्या आयपीओच्या ग्रे मार्केटची आठवण झाली ना? तेच.

लोक कंपनी काय करते हे विचारत नव्हते. प्रेमचंद यात आहेत का, एवढंच विचारत होते.

खरी गडबड इथे झाली

नुसता स्वतःचा पैसा लावून लोक बुडाले असते तर नुकसान त्यांच्यापुरतं राहिलं असतं. पण इथे उधारीचा पैसा आला.

बँक ऑफ बॉम्बे ही त्या काळची प्रतिष्ठित बँक. सरकारचाही तिच्यात हिस्सा. १८६३ साली तिचा कायदा बदलला आणि कंपन्यांच्या शेअर्सवर कर्ज द्यायला वाट मोकळी झाली. बँकेच्या कारभारावर प्रेमचंद यांचं वजन पडू लागलं. त्यांची शिफारस आली की कर्ज मिळायचं, कधी कधी पुरेसं तारणही न बघता.

आता चक्र कसं फिरत होतं बघा. शेअर तारण ठेवून कर्ज घ्यायचं. त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे. त्यामुळे भाव वाढायचा. भाव वाढला की त्याच तारणावर आणखी कर्ज.

यात भर म्हणून वायदे. आज सौदा करायचा, पैसे काही महिन्यांनी द्यायचे. तोपर्यंत भाव वाढलेला असेल, फरक खिशात घालू, असा प्रत्येकाचा हिशोब. असे मोठाले सौदे १ जुलै १८६५ या तारखेचे करून ठेवलेले होते.

याच धामधुमीत, १८६४ साली, प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. आई राजाबाई यांना दिसत नसे आणि सूर्यास्ताआधी जेवायचा जैन नेम पाळायला घंटेचा आवाज कामी येईल म्हणून हा टॉवर, अशी कथा सांगितली जाते.

१ जुलै १८६५

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या फौजेचा सेनापती जनरल ली शरण आला. युद्ध संपत आलं.

शांततेच्या नुसत्या अफवेनेही बाजार आधीपासून डळमळायचा. आता बातमी पक्की झाली. अमेरिकेचा कापूस परत येणार म्हटल्यावर कापसाचा भाव कोसळला. कापसाच्या जोरावर शेअर घेतलेल्यांना पैसे उभे करायला शेअर विकावे लागले. सगळेच विकायला निघाले, घेणारा कुणी नाही.

१ जुलै उजाडला. वायद्यांचे पैसे द्यायचा दिवस. ज्याच्याकडून पैसे यायचे तोच बुडालेला, म्हणून ज्याला द्यायचे तोही बुडाला. एकामागून एक पेढ्यांनी हात वर केले.

बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांना गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. बॅक बे कंपनी गुंडाळली गेली. जमशेदजी टाटा तेव्हा लंडनला होते. घराच्या पेढीचे संबंध प्रेमचंद यांच्याशी होते, आणि जमशेदजींच्या हातातल्या हुंड्यांना अचानक किंमत राहिली नाही.

बँक ऑफ बॉम्बे धडपडत १८६८ पर्यंत टिकली आणि मग बंद झाली. तिची चौकशी करायला सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसलं. बँकेचा पैसा कसा वाटला गेला आणि त्यात प्रेमचंद यांचा हात किती होता, हे त्या चौकशीत उघड झालं.

लिव्हरपूलची बातमी सगळ्यांच्या आधी मिळवणारा माणूसही वाचला नाही. कारण बातमी आधी कळून उपयोग तेव्हा, जेव्हा बाहेर पडायला वाट असते. त्यांनी स्वतःच इतकं विकत घेतलं होतं, इतक्यांना उधारीवर घ्यायला लावलं होतं, की ते विकायला निघाले असते तर भाव त्यांच्यामुळेच पडला असता.

आणि वऱ्हाडात?

वऱ्हाडात शेअर नव्हते, पण कर्ज होतं. भाव चढा असताना घेतलेलं कर्ज भाव उतरला म्हणून कमी होत नाही. सावकाराच्या वहीतला आकडा होता तिथेच राहिला.

कापूस नेणारी रेल्वे नागपूरपर्यंत पूर्ण झाली १८६७ ला. खामगावचा फाटा १८७० चा, अमरावतीचा १८७१ चा. म्हणजे सोय झाली ती तेजी ओसरल्यावर. तरी कापसाचा पेरा वाढत राहिला आणि खाण्याच्या ज्वारीची जागा घेत राहिला. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याची किंमत वऱ्हाडाने मोजली.

पण कापूस स्वतः खोटा नव्हता, हे लक्षात घ्यायला पाहिजे. याच जमशेदजींनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकतो तिथे गिरणी, जवळ कोळसा, दारात रेल्वे. ती गिरणी पिढ्यान्पिढ्या चालली. कापूस तोच होता. फरक एवढाच की इथे त्याचं सूत निघत होतं, तिकडे फक्त भाव निघत होता.

प्रेमचंद यांचं पुढे काय झालं?

ते पळाले नाहीत. दलालीच्या धंद्यात परत उतरले. १८७५ साली मुंबईच्या दलालांनी आपली संघटना बांधली त्यात ते होते. ३१८ सदस्य, प्रवेश फी १ रुपया. तेच पुढचं बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज.

आधी दिलेल्या देणग्या तेवढ्या टिकल्या. कलकत्ता विद्यापीठात त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली, आशुतोष मुखर्जींसारखा माणूस तिचा मानकरी ठरला. राजाबाई टॉवर १८७८ ला पूर्ण झाला. प्रेमचंद १९०६ साली वारले. पुन्हा त्या उंचीवर ते कधी गेले नाहीत.

ही चूक काही मुंबईची किंवा त्या काळाची मक्तेदारी नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात नव्या बेसबॉल खेळाडूंच्या पहिल्या कार्डांवर लोकांनी असेच पैसे लावले. पोरगा पुढे मोठा खेळाडू होईल आणि कार्ड सोन्याच्या भावाने जाईल हा हिशोब. कंपन्यांनी मागणी बघून इतकी कार्डं छापली की त्यातल्या बहुतेकांना आज रद्दीचा भाव आहे. खेळाडू खरे होते, काही जण मोठे झालेही. पण कार्ड घेताना लोकांनी त्यांच्या पुढच्या दहा वर्षांच्या यशाची किंमत आधीच मोजली होती.

म्हणून पुढच्या वेळी कुणी अजून न झालेल्या गोष्टीचा भाव सांगत आला, तर तीन प्रश्न विचारा. ही कंपनी, हे कॉइन, हे कार्ड आज नेमकं काय कमावतंय? मी घेतोय तो पैसा माझा आहे की उधारीचा? आणि मला विकायचं असेल त्या दिवशी घेणारा कोण असेल?

मुंबईत १ जुलै १८६५ ला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ज्यांच्या नावावर सगळ्यांनी पैसे लावले होते, त्या प्रेमचंद रायचंद यांच्याकडेही नाही.