लक्ष्मीबाईंना वेळ लागला

स्मरणिकेसाठी 'मला घडवणारी व्यक्ती' असा विषय आला, तेव्हा आपल्या ग्रुपवर अर्ध्या तासात कलाम, सचिन, सावित्रीबाई सगळे येऊन गेले. मी दोन दिवसांनी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव टाकले. दोघांनी लगेच विचारले, लोकमान्यांच्या पत्नी का? नाही रे बाबांनो. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी, 'स्मृतिचित्रे'वाल्या. मराठीच्या बाई हे वाचत असतील तर कपाळावर हात मारून घेतील.

सदरच्या आमच्या घरी हे पुस्तक पवित्र शास्त्राच्या शेजारी असायचे. आजी त्यातले प्रसंग सांगून आम्हाला हसवायची. त्यामुळे माझ्या डोक्यात लक्ष्मीबाई म्हणजे एक गमतीदार बाई, एवढेच होते. त्यांचे आयुष्य किती खडतर होते, हे चाळिशी ओलांडल्यावर कळले.

जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे असे कडक की बाजारातून आलेली वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय घरात जायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा विद्वान, कवी, मनाचा अतिशय मोठा आणि संसाराच्या बाबतीत पूर्ण बेभरवशाचा. नोकरी धरायची, सोडायची. हातात पैसे आले की समोर येईल त्याला देऊन टाकायचे. घरात न सांगता निघून जायचे, महिनोन्‌महिने पत्ता नाही. त्यात पोटची मुले गेली. हे सगळे त्या ज्या तऱ्हेने लिहितात, ते वाचताना आपण हसतो आणि पान उलटल्यावर पोटात कालवते.

या फिरस्तीत टिळक १८९१ च्या सुमारास आपल्या नागपुरात आले. अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचे काम होते. बुटी हे नाव आपल्याला काही नवे नाही, सीताबर्डीवर हिंडलेल्या कुणालाच नाही. इथून पुढे राजनांदगाव संस्थानात जाताना आगगाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. त्याने त्यांना पवित्र शास्त्र दिले आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव. भिलाईला नोकरी करणारे आपल्यातले कितीजण या गाडीने वर्षानुवर्षे गेले असतील! मी स्वतः इंजिनिअरिंगच्या ट्रेनिंगला त्याच मार्गाने गेले, खिडकीत बसून, चिवडा खात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितले नव्हते.

इथे मला थांबावेसे वाटते. आमच्या मंडळीत ही गोष्ट सांगतात ती टिळकांच्या बाजूने: त्यांना सत्य सापडले, जातभाई तुटले, तरी ते डगमगले नाहीत. खरेच आहे. पण तिकडे पदरी लहान मुलगा असलेल्या बाईच्या पायाखालची जमीन गेली होती. नवरा जिवंत, पण धर्माने परका. ती सवाष्ण की कोण, हे तिचे तिलाही सांगता येईना. दुःखाने ती भ्रमिष्टासारखी झाली. पुढची चार-पाच वर्षे नातेवाइकांच्या आधाराने काढली, त्यातला काही काळ पंढरपुरात. या सगळ्यात तिने नवऱ्याचा राग केला, रडली, भांडली, पण त्याचा देव मुकाट्याने स्वीकारला नाही.

नंतर ती त्यांच्याकडे अहमदनगरला गेली, तीही आपल्या अटीवर. राहणे वेगळे, स्वयंपाक वेगळा, सोवळे कायम. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांचे मोठेपण म्हटले पाहिजे. मग राहुरीला असताना एके दिवशी तिच्या मनात जातीचा विचार सुरू झाला. देवाने जनावरांच्या जाती केल्या तर त्यांची रूपे वेगळी केली. माणसांत तसा फरक कुठे दिसतो? मग हे केले कुणी? बसल्या जागी एकटीने ती या प्रश्नाच्या तळापर्यंत गेली आणि उठली ती कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवूनच. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई! आम्ही प्रोग्रॅममधली चूक शोधताना असेच एकेक पायरी मागे जातो, आणि तरी तीन मीटिंगा लागतात. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत.

२०२१ च्या मे महिन्यात माझे यजमान गेले, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. तेव्हा तुम्ही पुण्यापर्यंत औषधे पोचवलीत, ते मी विसरलेले नाही. जे माहीत नाही ते असे, की त्यानंतर मी प्रार्थना बंद केली. उपासनेला जायचे, कारण मुलीला न्यायचे असे. गाणे सुरू झाले की ओठ मिटलेले. भेटायला येणारे चांगल्या मनाने म्हणत, देवाची योजना असते, भरवसा ठेव. मी चहा पुढे करायचे. आत वाटे, भरवसा काय पासवर्ड आहे, विसरला म्हणून नवा टाकायला?

त्या पावसाळ्यात आजीची जुनी प्रत नागपूरहून आणली. रात्री झोप नसे म्हणून वाचायला घेतली. आणि त्या चार-पाच वर्षांपाशी अडकले. लक्ष्मीबाईंनी ती वर्षे झाकली नाहीत. आपला राग, आपले वेड, आपला हट्ट, सगळे म्हातारपणी ख्रिस्ती वाचकांसमोर मांडले. विश्वास आधीपासूनच होता असे कुठे भासवले नाही. मला तेवढे पुरले. लगेच काही बदलले असे नाही, पण रागावलेल्या माणसालाही त्या घरात जागा आहे, हे कळले.

पुढचे आयुष्यही काही मऊ नव्हते. दुष्काळातली पोरकी मुले घरात, आला-गेला चालूच, पैशाची चणचण तशीच. प्लेगच्या दिवसांत त्या रोग्यांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. पन्नाशीच्या लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर नोकरी धरली, पुढे मुलाबरोबर कराचीलाही राहिल्या.

टिळक मागे एक अर्धवट काम ठेवून गेले होते: येशूच्या चरित्रावरचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य. त्यांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. उरलेले ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या नवऱ्याने न विचारता धर्म बदलला, त्याच्या देवाची कथा त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक तिने लिहिली! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्यातल्या ओव्या थोर आहेत की नाहीत, ते बाई सांगतील. 'स्मृतिचित्रे'तले गद्य मला अधिक जवळचे वाटते, हे मात्र कबूल करते.

१९३३ मध्ये नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षा लक्ष्मीबाई होत्या. चाळीसेक वर्षांपूर्वी ज्या गावात नवऱ्याने बुटींच्या पदरी काम केले होते, तिथे. पुढच्या वर्षी 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला. चौथा निघाला तेव्हा त्या नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्या गेल्या.

गेल्या नाताळात मी सदरला आईकडे होते. मध्यरात्रीच्या उपासनेत गाणे सुरू झाले. मुलगी शेजारी होती. दुसऱ्या कडव्याला तिने वळून माझ्याकडे पाहिले, मग पुस्तक सरकवून मधोमध धरले. मला शब्द नीट आठवत नव्हते.