रुग्णसेवक संत कामिलस

दरवर्षीं १४ जुलै रोजीं पवित्र ख्रिस्तसभा संत कामिलस दि लेलिस यांचा सण पाळते. त्या सुमारास वैनगंगेच्या कांठीं, आमच्या पवनीच्या आसपास, धानाची रोवणी चालूं असते. दिवसभर बांधीच्या चिखलांत उभें राहणाऱ्या माणसाच्या पायांत लहानसा कांटा रुतला तरी जखम चिघळते, आणि मधुमेह असेल तर ती महिनोन्महिने भरत नाहीं, हें येथें कोणास सांगावयास नको. पायाच्या अशाच जखमेनें ज्यांचें सारें आयुष्य व्यापिलें, त्या संताचें चरित्र जुबिलीच्या या पुस्तकांत द्यावें असें आम्हांस वाटलें.

कामिलस यांचा जन्म इटलींतील बुक्कियानिको या गांवीं २५ मे १५५० रोजीं झाला. वडील सैन्यांत अधिकारी. आईला हा मुलगा उतारवयांत झालेला. मुलगा लहान असतांच ती निवर्तली. तो उंचीनें ताडमाड, स्वभावानें तापट. बापाप्रमाणेंच शिपाई झाला आणि बापाप्रमाणेंच जुगारी. तरुणपणींच पायाला जखम झाली व ती चिघळली. तिच्या औषधोपचारासाठीं १५७१ सालीं तो रोम शहरीं असाध्य रोग्यांच्या सान जाकोमो रुग्णालयांत गेला. तेथें रोगीही तोच आणि नोकरही तोच, अशी व्यवस्था ठरली. पण पत्त्यांचा डाव दिसला कीं रोग्यास विसरावें आणि सोबत्यांशीं भांडावें, हा त्याचा क्रम. थोड्याच महिन्यांत त्यास काढून टाकण्यांत आलें. पुढें ज्यानें शुश्रूषेचे नियम घालून दिले तो आरंभीं असा नालायक सेवक होता, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांनीं लपविली नाहीं. आम्हींही कां लपवावी?

१५७४ सालीं नेपल्स येथें तो जुगारांत सर्वस्व हरला. अंगावरचा सदराही गेला असें सांगतात. मान्फ्रेदोनिया गांवीं देवळाच्या दाराशीं भीक मागत असतां त्यास कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी मिळाली. तेथल्या एका व्रतस्थाचा उपदेश त्याच्या मनांत घोळत राहिला, आणि २ फेब्रुवारी १५७५ रोजीं, पवित्र मरियेच्या शुद्धीकरणाच्या सणाच्या दिवशीं, वाटेनें जात असतां तो गुडघे टेकून आपल्या पापांसाठीं ढसढसां रडला. फांसे सुटले ते कायमचे. त्यानें कापुचिन व्हावयाचें ठरविलें. परंतु जाड झग्यानें पायाची जखम घासून पुन्हां उघडी पडली व मठानें त्यास परत पाठविलें. जाणार कोठें? तो सान जाकोमो येथेंच परतला.

या वेळीं त्यांनीं (आतां बहुवचनच योग्य) रुग्णालयाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. त्या काळीं तेथले सेवक केवळ पगाराचे धनी. रोगी मळक्या अंथरुणांत पडून राहत, घास भरविण्यास कोणी नसे, आणि कित्येकदां प्राण पुरता गेला नसतांच माणसास मृतांत नेऊन टाकीत. कामिलस यांस कारभारी नेमलें, तरी नुसत्या देखरेखीनें हें सुधारणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें. १५८२ सालीं त्यांच्या मनांत आलें कीं, पगारासाठीं नव्हे तर ख्रिस्तासाठीं सेवा करणाऱ्या माणसांचा संघ काढावा. त्यांचे पापनिवेदनाचे गुरु संत फिलिप नेरी. त्यांस हा बेत आरंभीं पसंत नव्हता. तरीही बत्तीस वर्षांचा हा धिप्पाड मनुष्य लहान मुलांच्या शेजारीं बसून येशूसंघाच्या विद्यालयांत लॅटिन शिकला आणि १५८४ सालीं धर्मगुरु झाला.

त्याच सुमारास त्यांनीं रुग्णसेवेचे नियम लिहून काढले. त्यांच्या चरित्रांतील हाच भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. एकुलत्या एका आजारी मुलाची आई ज्या मायेनें सेवा करील ती माया प्रत्येकानें देवाकडे मागावी, हा त्यांतील मुख्य विचार. पण माया सांगून ते थांबले नाहींत. अंथरूण स्वच्छ करणें, घास भरविणें, तोंड धुणें, रोग्याशीं कठोर न बोलणें, अशीं बारीकसारीक कामें त्यांनीं कर्तव्य म्हणून नेमून दिलीं. प्राण गेलासा वाटला तरी कांहीं वेळ थांबून प्रार्थना करावी, लगेच देह हलवूं नये, अशीही त्यांची ताकीद असे.

आमच्या घरांतून काय होतें? मलमूत्रावरचा ताबा सुटलेल्या म्हाताऱ्याचें अंथरूण सून पहांटेच, शेजाऱ्यांना कळूं नये म्हणून, धुवून टाकते. सेवा होते, पण ती लाजेच्या आड. आणि पाठीला पडलेला व्रण कोणास दाखविला जात नाहीं. जें लपवावें लागतें तें शिकतां येत नाहीं. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें नॉर्मा गिल या बाईंनीं तें उघड केलें. शस्त्रक्रियेनंतर पोटावर केलेल्या मलमार्गाच्या छिद्रासह त्या स्वतः जगत होत्या. टर्नबुल नांवाच्या शस्त्रवैद्यांनीं १९५८ सालीं त्यांस इतर रोग्यांच्या मदतीस नेमलें, व १९६१ सालीं तेथें या कामाचें शिक्षण सुरू झालें. पुढें जखमा, पोटावरील छिद्रें आणि मलमूत्राचा ताबा हीं तिन्ही एका विशेष परिचर्येखालीं आलीं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतही परिचारिकांस ही विद्या शिकविण्यांत आली. २०१० सालीं अमेरिकेंतील परिचारिकांच्या संस्थेनें या कामाचीं मानकें छापलीं: आधीं नीट तपासावें, कारण ठरवावें, रोग्यास विचारांत घेऊन बेत आंखावा, तो पार पाडावा, आणि गुण आला कीं नाहीं हें पुन्हां पाहावें. नुसती पट्टी बदलली म्हणजे काम संपत नाहीं. ती जखम भरत कां नाहीं, रक्त पोंचत नाहीं, साखर वाढली आहे, कीं एकाच कुशीवर भार पडतो, हें शोधणें परिचारिकेचें कर्तव्य ठरलें.

कामिलस यांच्या संघास १५८६ सालीं परमगुरु पांचवे सिक्स्तुस यांची संमति मिळाली, आणि झग्यावर तांबडा क्रूस लावण्याची परवानगीही. (जिनीव्हाच्या रेडक्रॉसचें चिन्ह निराळ्या मुळाचें व पुष्कळ पुढचें.) १५८९ सालीं नेपल्सच्या बंदरांत रोगग्रस्त जहाजांवर सेवा करतां करतां दोन बंधु मरण पावले. १५९१ सालीं संघास पूर्ण व्रतस्थ संघाचा दर्जा मिळाला; सांथीच्या रोग्यांची सेवा जिवावर उदार होऊन करूं, हें त्यांचें चौथें व्रत. १५९८ च्या नाताळांत टायबर नदीस महापूर आला, तेव्हां सांतो स्पिरितो रुग्णालयांतील रोगी कामिलस यांनीं वरच्या मजल्यावर वाहून नेले.

हें सर्व त्या एका पायावर. जखमेच्या जोडीस अंतर्गळ, मूतखडा व तळपायाचीं कुरुपें. या सर्वांस ते देवाची दया म्हणून मोजीत. शेवटीं चालवेना, तेव्हां खाटेखाटेपाशीं सरपटत जात, पण रोग्यास कांहीं हवें आहे काय हें विचारल्यावांचून राहत नसत. १४ जुलै १६१४ रोजीं रोम येथें ते देवाघरीं गेले. जखम ४६ वर्षे भरली नव्हती. १७४६ सालीं परमगुरु चौदावे बेनेडिक्ट यांनीं त्यांस संतपद दिलें, आणि १९३० सालीं अकरावे पायस यांनीं त्यांस परिचारकांचे व परिचारिकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें.