अरण्यांचे वैद्य : डॉ. अलेक्झांडर गिब्सन

भोसरीच्या दक्षिणेस, पवना व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ दापोडी हे गाव आहे. आज तेथे लोहमार्ग, कारखाने व दाट वस्ती दिसते; परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे एक सरकारी वनस्पतिउद्यान होते. १८३८ साली त्या उद्यानाचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आला.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरो येथे शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शस्त्रवैद्य म्हणून हिंदुस्थानात आले. दख्खन व खानदेश या प्रांतांत देवीची लस टोचण्याच्या कामी त्यांना पुष्कळ हिंडावे लागले. पुढे दापोडीस व जुन्नरजवळील हिवरे येथील बागेत त्यांनी औषधी वनस्पतींची जोपासना केली. दापोडीच्या बागेतील वनस्पतींची सुंदर रंगचित्रेही त्यांनी एका चित्रकाराकडून काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जतन केलेली आहेत.

त्या काळी मुंबईच्या गोदीत जहाजे बांधण्यासाठी सागवानाची मोठी तोड होत असे. शेतीसाठीही डोंगरउतार साफ केले जात. वैद्य जसा रोग्याच्या लक्षणांवरून रोग ओळखतो, तशीच गिब्सन यांनी या भूमीची परीक्षा केली. कोकणात डोंगर उघडे पडले की झरे आटतात आणि वाहून आलेल्या गाळाने खाड्या भरतात, हे त्यांनी सरकारच्या नजरेस आणले. सरकारला लाकूड हवे होते. गिब्सन यांना पाण्याचीही चिंता होती.

१८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वृक्षतोडीस आळा घालणे हे त्यांचे मुख्य कार्य ठरले. जंगल जाळून केल्या जाणाऱ्या कुमरी शेतीलाही त्यांचा विरोध होता. ज्यांचे पोट त्याच शेतीवर होते, त्या डोंगरवासीयांना अशा निर्बंधांची झळ सोसावी लागली, हेही विसरता येत नाही. वनाचे रक्षण करताना वनवासीयांचे हित कसे साधावे, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे.

१८६० साली गिब्सन सेवानिवृत्त झाले. पुढल्याच वर्षी निकोल डॅल्झेल यांच्यासह लिहिलेला, मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ साली त्यांचे निधन झाले.

अरण्याचा वैरी केवळ कुऱ्हाड नव्हे. पावसाळ्याच्या आरंभी सागाला कोवळी पालवी फुटते, तोच एक अळी ती फस्त करते. पुढे दुसरी अळी पानांतील हिरवा भाग खाऊन शिरांची जाळी तेवढी शिल्लक ठेवते. झाड बहुधा मरत नाही, परंतु त्याची वाढ खुंटते. घावांतून वा वणव्याने होरपळलेल्या सालीतून बुरशी आत शिरते आणि खोड आतल्या आत कुजू लागते. बाहेरून हिरवे दिसणारे झाड आतून पोकळ झालेले असते. म्हणूनच वनाची वरचेवर पाहणी करावी लागते. कीड थोड्या झाडांवर आहे तोवर उपाय सोपा असतो. ती रानभर पसरली की माणसाचे हात अपुरे पडतात.

रोग बळावण्यापूर्वी तो ओळखणे, हा वैद्याचा धर्म होय. माणसांच्या सेवेसाठी शिकलेला हा धर्म गिब्सन यांनी अरण्यांच्या बाबतीतही पाळला. मुंबई इलाख्यातील वनरक्षणाच्या आरंभकाळातील त्यांची ही कामगिरी म्हणूनच स्मरणीय ठरली आहे.