तणावाला नाव देणारा संशोधक : हान्स सेल्ये

आज आपण सहज बोलून जातो, फार स्ट्रेस आहे. हा शब्द वैद्यकात रुजवणाऱ्या संशोधकावरच एकदा घोर निराशेचे दिवस आले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

हान्स सेल्ये यांचा जन्म 1907 साली व्हिएन्ना येथे झाला. वडील लष्करात शल्यचिकित्सक होते. सेल्ये प्राग येथे वैद्यकशास्त्र शिकू लागले. वर्गात प्राध्यापक वेगवेगळ्या रोगांचे रुग्ण दाखवून प्रत्येकाची खास लक्षणे समजावत. तरुण सेल्ये यांना मात्र वेगळेच दिसले. रोग निराळे, तरी थकवा, अंगदुखी, भूक मंदावणे हे सर्वांमध्ये सारखेच होते. इतकी साधी गोष्ट कोणी मनावर घेतली नाही. पुढे त्यांनाही तिचा विसर पडला.

नंतर ते कॅनडातील माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात नवे संप्रेरक शोधू लागले. गायीच्या बीजकोशाचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा तीन बदल दिसले : अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या, थायमस ग्रंथी आक्रसली आणि जठरात व्रण पडले. नवे संप्रेरक सापडले, असे त्यांना वाटले. पण इतर अवयवांच्या अर्कांनीही तेच घडले. शेवटी फॉर्मालिनसारखे दाहक रसायन टोचले, तरी तेच! सगळी आशा कोसळली. कित्येक दिवस ते खिन्न होऊन बसून राहिले.

त्याच उदास दिवसांत प्रागचा तो वर्ग आठवला. आघात कोणताही असो, शरीराचा प्रतिसाद सारखाच असेल तर? मग त्यांनी थंडी, इजा, अतिश्रम असे वेगवेगळे आघात तपासले. 4 जुलै 1936 रोजी नेचर या नियतकालिकात त्यांचे छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात स्ट्रेस हा शब्दही नव्हता; तो पुढे आला. शरीर आधी सावध होते, मग तग धरते आणि ताण हटलाच नाही तर थकून जाते, अशा तीन अवस्था त्यांनी मांडल्या.

सेल्ये यांचा भर शरीरावर होता. रिचर्ड लाझारस यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी पुढची पायरी दाखवली : तीच घटना एकाला संकट वाटते, तर दुसऱ्याला आव्हान. आपण तिच्याकडे कसे पाहतो, यावर मनाचा ताण बराचसा अवलंबून असतो.

1974 साली सेल्ये यांनी क्लेशाविना ताण या विषयावर पुस्तक लिहिले. ताण पूर्णपणे टाळता येत नाही आणि टाळूही नये, कारण काही ताण आपल्याला घडवतो. घातक ठरतो तो क्लेश, असे त्यांचे मत होते. आवडीचे काम आणि इतरांचा सद्भाव मिळवणारे वागणे, हा त्यांनी सुचवलेला मार्ग. 1982 साली माँट्रियल येथे त्यांचे निधन झाले.

प्रिय वाचकहो, फसलेला प्रयोग तोच होता. बदलली ती त्याकडे पाहण्याची दृष्टी. आज मन जड झाले, तर क्षणभर थांबा. श्वास कसा चालला आहे, खांदे, जबडा आवळला आहे का, ते पाहा. मग स्वतःला विचारा : ही परिस्थिती बदलणे माझ्या हाती नसेल, तर तिच्याकडे दुसऱ्या रीतीने पाहता येईल का? हा प्रश्न मनापासून विचारला, तरी ओझे थोडे हलके होऊ लागते.