काहाल यांनी टिपलेला ठिपका

आमटीवरचे तेलाचे थेंब पाहा. थेंबाभोवती पिशवी नसते, तरी तो पाण्यात मिसळत नाही आणि दोन थेंब भेटले की एक होतात. सुकापूरच्या स्वयंपाकघरात दिसणारा हा प्रकार आपल्या पेशींतही घडतो. आवरण नसलेले असे अनेक कप्पे पेशीत असतात. त्यांपैकी एक सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावाने ओळखला जातो.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधल्या एका खेड्यात झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. शल्यचिकित्सक वडिलांना ते पसंत नव्हते. मुलगा शाळेत रमेना म्हणून वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे आणि चांभाराकडे कामाला ठेवले. पुढे दफनभूमीतली हाडे दाखवून त्यांनी त्याला शरीररचना शिकवली, आणि चित्रे काढणारा हात वैद्यकाकडे वळला. १८७३ मध्ये पदवी घेऊन काहाल सैन्यात डॉक्टर म्हणून क्युबाला गेले आणि मलेरियाने खंगून परतले. १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीतील कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनाने त्यांना उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला.

मेंदूतील तंतूंचे एकसंध जाळे असते, असे तेव्हा कामिल्लो गॉल्जींसह अनेकांचे मत होते. गॉल्जींचीच रंगद्रव्य-पद्धत सुधारून काहाल यांनी दाखवले, की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, मतभेद मात्र मिटले नाहीत.

१९०३ मध्ये चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवताना काहाल यांना केंद्रकात एक बारीक गोल ठिपका दिसला. त्यांनी तो नोंदवून ठेवला. त्याचे काम काय, हे कळण्यापूर्वीच १७ ऑक्टोबर १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये त्या ठिपक्याला 'काहाल पिंड' हे नाव मिळाले.

आज शास्त्रज्ञ प्रथिनांना चमकणारी खूण जोडून असे पिंड जिवंत पेशीत पाहतात. लेझरने एका भागातली चमक घालवली, की ती किती वेळात परत येते हे मोजतात. चमक परतली, म्हणजे आतले रेणू स्थिर नसून ये-जा करत आहेत. जनुकांचा संदेश कापून जोडणाऱ्या यंत्रणेचे सुटे भाग काहाल पिंडात तयार होतात, असे आता माहीत आहे.

त्या कामात 'एसएमएन' नावाचे प्रथिन लागते. ते कमी पडले, तर मज्जारज्जूतील स्नायू हलवणाऱ्या पेशी मरू लागतात. हाच 'स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी' हा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक आहोत का, हे रक्ततपासणीतून कळू शकते. या प्रथिनाची उणीव भरून काढणारी औषधे आता आहेत, पण ती फार महाग आहेत, आणि मेलेल्या पेशी त्यांनी परत येत नाहीत. म्हणून वेळेला महत्त्व आहे. बाळ अंगाने ढिले वाटत असेल, पाय फारसे हलवत नसेल किंवा वेळेत मान धरत नसेल, तर 'धरेल हळूहळू' म्हणून थांबू नका. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.