आजोळी वाढलेला रिद्धपूरचा राऊळ

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. साडेसातशे वर्षांपूर्वी इथं गोविंदप्रभू राहत. गाव त्यांना गुंडम राऊळ म्हणे. जन्म जवळच्या काटसूरचा. लहानपणीच मायबाप गेले. आजोळच्या माणसांनी रिद्धपुरात आणून वाढवलं.

मोठेपणी त्यांनी संसार मांडला नाही. कुणाच्याही घरात शिरत, असेल ते मागून खात, लेकरांसारखे खेळत. लोक वेडा म्हणत. जातपात त्यांनी पाळली नाही. पाण्यावाचून अडलेल्या मातंगांना विहिरीची जागा त्यांनीच दाखवली, असं म्हाइंभटांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी त्यांचेच शिष्य.

ज्या पोराला मायबाप उरले नव्हते, त्यालाच पुढं सारं गाव आपली माय अन् बाप मानू लागलं.